गोव्याच्या हवेत हेड स्टड: कुठले घ्यायचे, कसे बसवायचे

टर्बो लावायचा असो, कॉम्प्रेशन वाढवायचं असो की रॅलीसाठी इंजिन नव्यानं बांधायचं असो, गिऱ्हाईक येऊन पहिलं वाक्य हेच बोलतं: "पात्रांव, सगळ्यांत हार्ड स्टड घालूया." फोंड्याहून बेतोड्याकडे जाताना माझी शेड आहे. जिप्सी, एस्टीम, जुन्या झेन अशी इंजिनं माझ्याकडे जास्त येतात. स्टडचं नेमकं काम काय ते मी आधी समजावून सांगतो, कारण ते कळलं की निम्मी निवड आपोआप होते.

हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि ते खालच्या ब्लॉकला आवळून धरणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या कांड्या म्हणजे हेड स्टड. स्टडचं काम ताणलेलं राहण्याचं. कॅरियरवरचं ओझं बांधायला आपण सायकलची जुनी ट्यूब ओढून बांधतो, ती आखडायला बघते म्हणूनच ओझं घट्ट राहतं. स्टड तसाच, फक्त पोलादाचा. साधारण ११० मि.मी. लांबीचा एम१०, म्हणजे १० मि.मी. जाडीचा स्टड नीट आवळला की तो मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतका लांबतो. हेडला खाली दाबून धरतं ते एवढंच लांबणं. हेड आणि ब्लॉकच्या मधला गॅस्केट तापून ०.०३ मि.मी. जरी खाली बसला, तरी या ताणाचा दहावा हिस्सा जातो. म्हणून हेड स्टडबद्दलचा प्रत्येक निर्णय, धातू कुठला, तेल कुठलं, पान्हा कसा फिरवायचा, शेवटी एकाच गोष्टीशी येऊन थांबतो: सगळ्या स्टडमध्ये सारखा आणि पुरेसा ताण आला का?

बोल्ट आणि स्टडमधला खरा फरकही इथेच आहे. बोल्ट आवळताना तो ताणला जातो आणि पिळलाही जातो, शिवाय त्याचे आटे ब्लॉकच्या आट्यांत दाबाखाली घासत फिरतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हेड चार-पाचदा उघडलं की आटे झिजतात. स्टड ब्लॉकमध्ये एकदा हातानं बसला की तिथेच राहतो, फिरतो तो वरचा नट. खाली जाडे आटे, वर बारीक आटे. त्यामुळे ब्लॉकची पकड मजबूत राहते आणि वरचा ताण जास्त अचूक येतो. जिप्सीच्या जी१३बीबी इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचाच आहे, आणि रॅलीत तर हेड वरचेवर उघडावं लागतं. अशा इंजिनाला स्टड घालावेत हे माझं ठाम मत. पण टर्बो नाही, फक्त पोर्टिंग आणि कॅम बदलून फिरायची गाडी असेल, तर कंपनीचे नवे बोल्ट आणि चांगला गॅस्केट पुरतो. पैसे फेसिंगवर, म्हणजे हेड-ब्लॉकचे पृष्ठभाग मशीनवर सपाट करण्यावर घाला.

आता थोडा हिशेब. जी१३बीबीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मि.मी., म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ४,३०० चौरस मि.मी. जळताना आतला दाब ६५ बारपर्यंत गेला तर हेडला वर ढकलणारा जोर २.८ टनांच्या आसपास येतो. टर्बो लावून तोच दाब १०० बारला नेला की ४.४ टन. प्रत्येक सिलिंडरच्या भोवती चार स्टड. एकेकात ३६ किलोन्यूटन ताण धरला, तर चौघांचे मिळून साडेचौदा टन होतात. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण यातला मोठा भाग गॅस्केटची कडी दाबून ठेवण्यातच जातो, आणि इंजिन नॉक करायला, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोकायला लागलं की दाबाचे झटके हिशेबाच्या बाहेर जातात. मी वर ढकलणाऱ्या जोराच्या तिप्पट तरी आवळ ठेवतो. तेवढी मिळत असेल तर आणखी कडक स्टडची गरज नाही. मिळत नसेल तर धातू बदलायचा.

धातू

बाजारातल्या १०.९ मार्कच्या बोल्टची ताणशक्ती १,०४० मेगापास्कल असते, १२.९ ची १,२२०. पीएसआयमध्ये सांगायचं तर साधारण दीड लाख आणि पावणेदोन लाख. एआरपी ही १९६८ साली सुरू झालेली कॅलिफोर्नियाची कंपनी. स्टडच्या गप्पांत तिचंच नाव जास्त ऐकू येतं. तिचा नेहमीचा ८७४० क्रोममॉली स्टड १,८०,००० ते २,००,००० पीएसआयमध्ये बसतो. त्यावर एआरपी२००० सुमारे २,२०,००० ला, आणि त्याही वर एल१९, २,६०,००० ला.

याच एल१९ साठी गिऱ्हाईक हट्ट धरतं, आणि मी नाही म्हणतो. हे पोलाद इतकं कडक केलेलं असतं की दमटपणा आणि हायड्रोजन त्याला आतून ठिसूळ करतात. ते तेलात राहिलं पाहिजे, हाताचा घामही लागता कामा नये, असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, आणि मिरामार, कळंगुट, वास्को पट्ट्यात वाऱ्यात मीठच असतं. हेड बोल्टच्या भोकांत थोडी हवा, थोडं पाणी जातंच. असा स्टड वरून चकचकीत दिसतो आणि एके दिवशी आवळलेल्या अवस्थेतच तुटतो. गोव्यात रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ८७४० पुरेसा आहे. मोठा टर्बो असेल तर एआरपी२०००. त्यापुढेही जायचं असेल आणि खिसा साथ देत असेल, तर गंज न धरणारा कस्टम एज ६२५ प्लस आहे. तो निकेलच्या मिश्रधातूचा, ताकद एल१९ च्या बरोबरीची, किंमत त्याहून बरीच जास्त.

याच हायड्रोजनमुळे सांगतो, स्टडला गंज लागू नये म्हणून बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणू नका. प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडमध्ये बुडवतात. त्यातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो. तेलाचा हात पुरे.

लेथवाल्याकडून ईएन-२४ चे स्टड करून घेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. माणूस चांगला असेल तर माप अगदी बरोबर येतं. अडचण आट्यांची. लेथवर कापलेल्या आट्याच्या तळाशी धारदार खाच राहते, आणि लाखो झटक्यांनंतर चीर तिथूनच सुरू होते. चांगले स्टड आधी हीट ट्रीटमेंट करून मग त्यावर आटे दाबून उमटवतात, कापत नाहीत. त्यामुळे ते थकव्याला फार जास्त टिकतात. मग इंजिनाला तयार किट मिळत नसेल तर? माप देऊन मागवा, पण आटे रोल केलेले आहेत याची खात्री करून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला आटेदार रॉड कापून हेडला घालणं हा विषयच नको.

जाडीबद्दलही सांगतो. एम१० च्या जागी भोक मोठं करून एम१२ घालावा असं पुष्कळांना वाटतं. जाड स्टड तेवढ्याच आवळीला कमी लांबतो. मग गॅस्केट थोडा बसला तरी ताणाचा मोठा वाटा निघून जातो. शिवाय भोक मोठं केलं की पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ होते. आधी धातू सुधारा, जाडी सर्वांत शेवटी.

मापं घेताना चार गोष्टी लिहून ठेवा: ब्लॉकच्या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), भोकाची खोली, हेडची जाडी गॅस्केट आणि वॉशर धरून, आणि नटाची उंची. पिच डोळ्यांनी ठरवू नका, पिच गेज लावा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर स्टडचे आटे व्यासाच्या दुप्पट तरी आत गेले पाहिजेत, बिडाच्या ब्लॉकला दीडपट चालतं. वर नट पूर्ण बसून दोन आटे दिसले पाहिजेत, आणि नट उतरताना स्टडच्या कोऱ्या भागाला अडता कामा नये. व्हॉल्व्ह कव्हरच्या आत जागा आहे का तेही बघून घ्या; स्टडच्या टोकावर मातीचा गोळा ठेवून कव्हर दाबलं की लगेच कळतं.

भोकं

सर्वांत जास्त वेळ भोकांवर घालवावा. घाई करणारे नेमका इथेच वेळ वाचवतात.

एक इंजिन माझ्याकडे दुसरीकडे बांधून झाल्यावर आलं होतं. तक्रार अशी की दोन दिवसांत कूलंट कमी होतं, पण गळती कुठे दिसत नाही. हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भोकाच्या काठापासून केसाएवढी चीर निघून पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती. बंद तळाच्या भोकात तेल आणि पाणी साचलेलं, त्यावरच बोल्ट आवळला गेला. द्रव दबत नाही. तो जागा शोधतो, आणि इथे त्यानं ब्लॉक फाडून जागा केली. ब्लॉक कायमचा गेला.

म्हणून प्रत्येक भोक आधी आटे साफ करण्याच्या चेझरनं स्वच्छ करा. साधा टॅप मारू नका, तो धातू कापतो आणि आटे सैल होतात. चेझर नसेल तर त्याच मापाच्या जुन्या चांगल्या बोल्टला हॅकसॉनं लांबीत तीन चिरा पाडा, कडा कानसून घ्या, काम होतं. नंतर ब्रेक क्लीनर मारा आणि हवा मारा. पावसाळ्यात मात्र हवा मारण्याआधी कंप्रेसरच्या टाकीचं पाणी काढून टाका. आपल्याकडे जुलैत टाकी संध्याकाळपर्यंत पाण्यानं जड होते, आणि तुम्ही कोरडं करायला म्हणून जी हवा मारता तिच्यातूनच भोकात पाणी जातं. माझ्याकडचा पोरगा सकाळी शेड उघडली की आधी तो वॉल्व्ह सोडतो, मगच चहा. हवा मारताना डोळ्याला चष्मा हवाच. शेवटी काडीला फडकं गुंडाळून तळ पुसा; फडकं कोरडं निघेपर्यंत थांबू नका.

भोकाच्या तोंडाकडेही बघा. जुन्या बोल्टांनी वरचा आटा ओढून डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या, वर उचललेला असतो. बोटाला तो जाणवतो, तिथे गॅस्केट नीट बसत नाही. काऊंटरसिंकनं हलका चॅम्फर द्या आणि डेकवर ऑइलस्टोन फिरवा. आटे गेलेच असतील तर चांगला इन्सर्ट बसवून घ्या, आणि एका भोकाला लागला तर बाकीची भोकंही संशयानं तपासा.

डेक आणि हेड दोन्हींवर स्ट्रेटएज ठेवून फीलर गेज घाला, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत. ०.०५ मि.मी. चं पान आत गेलं तर फेसिंग. स्टीलच्या अनेक थरांचा गॅस्केट वापरणार असाल तर फेसिंगवाल्याला गुळगुळीतपणा सांगून ठेवा, ५० आरए मायक्रोइंच किंवा त्याहून बारीक. जुना सँडपेपर हातानं फिरवून हेड सरळ होत नाही; तिथे खड्डे पडतात. आणि बोअर होन करायचा (आतून घासून गुळगुळीत करायचा) असेल तर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बसवायची जाड पाटी) लावून, याच स्टडनी आवळूनच करा. स्टडचा ताण आला की बोअर किंचित वाकडा होतो. होन त्या अवस्थेत झाला पाहिजे.

बसवणं

स्टड ब्लॉकमध्ये हातानं फिरवून बसवायचा. वर ॲलन कीची खाच असेल तर की फक्त बोटांत धरायची, मुठीत नाही. तळाला किंवा आट्यांच्या शेवटाला जोरानं रुतवलात तर डेकवर उगाच ताण येतो, आणि वरचा नट आवळण्याआधीच काम बिघडतं. ब्लॉकमधल्या आट्यांना हलकं तेल. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर टेफ्लॉनचं थ्रेड सीलंट लावा, आणि ते सुकायच्या आत हेड ठेवून आवळून टाका. सुकल्यावर आवळलं तर स्टड आतल्या आत वाकडाच घट्ट होतो.

सगळे उभे झाले की लांबून एक नजर टाका. एखादा झुकलेला दिसला तर त्याचे आटे पुन्हा साफ करा. हेड स्टडवरून खाली बसवायला दोन माणसं लागतात. गॅस्केटच्या स्टीलच्या कडीला स्टडचे आटे घासले की ओरखडा कायमचा राहतो. जिप्सीत इंजिन लांबीत असल्यानं हेड सरळ खाली येतं. आडव्या इंजिनाच्या गाडीत बॉडी अडते. तिथे हेड आधी ठेवून स्टड वरून सोडावे लागतात.

वॉशरची एक बाजू कडेला गोलसर असते, ती वर, नटाकडे. वंगण नटाच्या आट्यांना आणि नट जिथे वॉशरवर घासतो त्या तोंडाला. वॉशरच्या खालच्या बाजूला नको, वॉशर फिरायचा नाही.

आणि वंगण कुठलं? तुम्ही पान्ह्याला जो जोर देता त्यातला जेमतेम दहावा भाग स्टडला ताणायला जातो, बाकी सगळा घर्षणात. त्यामुळे वंगण बदललं की टॉर्कचा, म्हणजे पान्ह्याच्या पिळाचा, आकडा खोटा ठरतो. १०.९ च्या एम१० ला कोरड्या आट्यांवर ७२ न्यूटन-मीटर दिले तर सुमारे ३६ किलोन्यूटन ताण येतो. तोच आकडा मॉलीचं वंगण लावून दिला तर ६० च्या घरात, म्हणजे स्टड तुटायच्या काठावर. गंजलेल्या आट्यांवर दिला तर जेमतेम २४. पान्हा तिन्ही वेळा सारखाच 'कट्' वाजतो! म्हणून स्टडच्या किटबरोबर आलेलं वंगण आणि त्याच वंगणाचा छापलेला आकडा वापरा. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा जुन्या बोल्टसाठी होता, तो स्टडला लागू नाही.

टॉर्क रेंच चांगला असला तरी नियमाप्रमाणे ४ टक्के इकडेतिकडे चालतो. वर्षातून एकदा तपासून घ्या, आणि काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

आवळताना मधून सुरुवात करून बाहेरच्या कोपऱ्यांकडे, मॅन्युअलमधल्या क्रमानं, तीन टप्प्यांत: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. शेवटच्या टप्प्यात पान्हा एकसंध ओढा. मध्ये थांबलात तर पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, आणि नट जागचा न हलताच पान्हा वाजतो. तसं झालं तर तो नट पाव फेरा सैल करून परत ओढा.

माझी एक सवय आहे, ती सगळ्यांनी उचलावी असं मनापासून वाटतं. दुसऱ्या टप्प्यानंतर प्रत्येक नटावर आणि हेडवर पांढऱ्या मार्करनं एक रेघ मारतो. शेवटचा टप्पा झाल्यावर कुठला नट किती फिरला ते दिसतं. सगळे साधारण सारखे फिरले पाहिजेत. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच जास्त फिरला, आणि ओढताना पान्हा मऊ लागला, तर ब्लॉकचे आटे निघतायत. लगेच थांबा. तो नट 'कट्' वाजेपर्यंत ओढलात तर आटेच हातात येतील. उलट एखादा जेमतेम हलला असेल तर त्याच्या आट्यांत घाण आहे किंवा वंगण पोचलेलं नाही. टॉर्कचा आकडा या दोन्ही गोष्टी लपवतो, रेघ लपवत नाही.

आकड्याच्या वर "थोडं जास्त" कधीच देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मि.मी. जाडीचं हेड ८० अंशांनी तापलं की ०.१८ मि.मी. वाढतं, स्टड ०.१० च्या आसपास. मधला फरक ताणात जातो. थंडपणी काठावर आवळलेला स्टड अनमोडचा घाट चढताना काठाच्या पलीकडे गेलेला असतो.

सुरू केल्यावर

स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला सहसा पुन्हा आवळावं लागत नाही. कंपोझिट किंवा तांब्याचा असेल तर एकदा पूर्ण तापवून, रात्रभर थंड होऊ देऊन, क्रमानं एकेक नट थोडा सैल करून परत पूर्ण आकड्यावर आणा. सगळे एकदम सैल करायचे नाहीत, आणि गरम इंजिनावर तर हातच लावायचा नाही. त्यानंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट तपासा.

चवथीच्या आधी गाडी हवी म्हणून लोक मागे लागतात. तरी घाट चढवल्याशिवाय मी गाडी देत नाही. मोलेवरून अनमोडला पूर्ण लोडवर एक फेरी, मग दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर वरचा होस दाबून बघायचा. रात्रभर उभ्या गाडीचा होस कडक लागला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात जातोय. शंका असेल तर कूलंटच्या तोंडावर लीक टेस्टरची निळ्या द्रवाची नळी लावा. द्रव पिवळा पडला तर हेड पुन्हा उतरवायचं, आवळून भागणार नाही.

पुढे कधी हेड उघडलंत तर तेच स्टड परत वापरता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. त्यासाठी नवे असतानाच प्रत्येकाची लांबी मायक्रोमीटरनं मोजून, क्रमांकासकट वहीत लिहून ठेवा. काढल्यावर पुन्हा मोजा. ०.०२५ मि.मी. पेक्षा जास्त लांबलेला राहिला तर तो ताण धरणार नाही, बदला. पुसून उजेडात फिरवून बघा, विशेषतः ब्लॉकच्या तोंडाशी येणारा भाग, कारण पाणी तिथेच साचतं. नुसता लालसर डाग फडक्यानं जात असेल तर तेल लावून परत घाला. नखाला खड्डा लागला तर संपूर्ण संच बदला. बाकीचेही त्याच पाण्यात उभे होते.